पितळी ब्रेकव्हॅन

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वही यशोधरानं आणून दिली. म्हणाली, दिवसभर जे तोंडानं चालतं ते ह्यात उतरवा, म्हणजे शाळेतून आल्यावर माझ्या कानांना जरा सुट्टी मिळेल. मुख्याध्यापिका झाल्यापासून बाई घरातसुद्धा परिपत्रकं काढते.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण जीव थाऱ्यावर नाही तो नाहीच. सकाळी भांगरवाडीतून लोणावळ्याच्या स्टेशनात जातो, घरी येतो, चहा घेतो, परत जातो. मालगाडी घाट चढून वर आली की तिचा शेवटचा डबा बघितल्याशिवाय पाय निघत नाही. मी मालगाडीचा गार्ड होतो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे भारदस्त नाव कधी आलं, तर मी घरी बसल्यावर.

आज पुण्याला जाऊन ब्रेकव्हॅन आणला. ब्रेकव्हॅन म्हणजे मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो तो. खेळण्यातला नाही, मॉडेल आहे. पितळेचा, हातानं घडवलेला, तळहातावर मावेल एवढा. दुकानदारानं चौदा हजार सांगितले आणि मी गुपचूप दिले. येताना गाडीत तीनदा डबी उघडून बघितली. शेजारचा माणूस सरकून बसला, त्याला वाटलं दागिना आहे.

यशोधराला चौदाशे सांगितलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

याह्याकडं जाऊन आलो. डोकं तापलंय.

याह्या तांबोळी म्हणजे बँकरचा ड्रायव्हर. ज्यानं घाट बघितला नाही त्याला कळायचं नाही, म्हणून लिहून ठेवतो. कर्जतहून गाडी वर यायची तर पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही. मागून ढकलायला जी इंजिनं लावतात ती बँकर. म्हणजे गाडीच्या शेवटच्या दारात मी, आणि चार हातांवर काचेमागं याह्या. आवाज एवढा की बोलायची सोय नाही. वीसेक वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या थोबाडाकडं बघत घाट चढलो. त्याच्या लेकीचा, माहनूरचा, दहावीचा निकाल त्यानं मला बोटांनी सांगितला होता. माझी आई गेली तेव्हा मी दारात नुसता उभा होतो, तरी त्याला कळलं.

तर उन्हाळ्यापासून आम्ही त्याच्या माडीवरच्या खोलीत घाट करतोय. पळसधरीपासून लोणावळ्यापर्यंत, टेबलावर. ठाकूरवाडी झाली, मंकी हिलचा डोंगर वाळतोय. रूळ एकच, पण दोन्ही इंजिनांना दोन वेगळे कंट्रोलर. मागचा अर्थातच याह्याकडं. पुढचा माझ्याकडं. बिनबँकरची गाडी चालवायची असती तर केव्हाच चालली असती, पण बँकर नाही तर तो घाट कसला.

मी डबी उघडली आणि ब्रेकव्हॅन रुळावर ठेवला. याह्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. किंमत विचारली. त्याला मी खरी सांगितली.

"ह्यात चौदा हजारांचं काय आहे?" म्हणाला.

मी म्हणालो, बघ की, जिन्याच्या पायऱ्या बघ, दांड्या बघ, रिव्हेट मोजून घे. तो म्हणाला, रिव्हेटवर गाडी चालते का? त्यानं लहान पोरांच्या खेळण्याच्या संचातले प्लास्टिकचे डबे आणलेत, स्वस्तातले. हलके असल्यानं वळणावर उड्या मारायचे, तर पठ्ठ्यानं प्रत्येकाच्या पोटात सायकलचे नट भरले. आता निमूट चालतात. ते माझ्या नाकासमोर चालवून दाखवले आणि वर विचारतो, तुझा डबा ह्याहून वेगळं काय करणार?

मला उत्तर सुचलं नाही म्हणून जास्त राग आला. चहा न घेता उठलो. भाभी जिन्यापर्यंत आल्या, "भाऊ, चहा टाकलाय" म्हणाल्या, तरी थांबलो नाही. आता वाटतं चहा घ्यायला हवा होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं आणि तसाच याह्याकडं गेलो. रागावून किती दिवस बसणार, डोंगर वाळला असेल.

उत्तर सापडलं होतं, ते त्याला ऐकवलं. ब्रेकव्हॅनच्या खिडकीतून टॉर्च मारला तर आत गार्डाची बाकडी दिसते. हँडब्रेकचं चाक दिसतं. बाहेरून कुणाला दिसणार नाही तिथं त्या कारागिरानं बाकडी केलीय. आयुष्यभर गाडीच्या शेपटाला बसलो, घरच्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही की आत बसायला असतं तरी काय. आता तर गार्डाशिवायच मालगाड्या सोडायचं चाललंय. आणि कुणीतरी बसून ती बाकडी घडवली. पैसे त्याचे दिलेत मी.

याह्या टॉर्च घेऊन बराच वेळ आत बघत होता. मग म्हणाला, बाकडी बरोबर आहे, पण महागच आहे. हा माणूस मरताना सुद्धा घासाघीस करणार.

बोल्टांवरून मात्र वाजलं. मला सगळा घाट सलग हवा, मधे एक फट नको. त्याचं म्हणणं, चार तुकडे करू आणि बोल्टनं जोडू. कशाला, तर म्हणे झाडायला सोपं. खोली कोण झाडतं रे, तू? शेवटी त्याच्या मनासारखं झालं. ड्रायव्हर जात हट्टीच.

मधेच एक नवराबायको माडीवर आले, खिडक्यांची मापं घेतली, भिंतीवर थाप मारून बघितली आणि गेले. याह्या म्हणाला पडदेवाले आहेत. पडद्याला भिंत कशाला बडवायला लागते कुणास ठाऊक. भाभींना हौस आली असेल.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आणखी पाच डबे घेतले. ब्रेकव्हॅनएवढे महाग नाहीत, पण आहेत महागच. कोळशाचे तीन, बंद दोन. पितळी ब्रेकव्हॅनपुढं प्लास्टिकची वरात शोभली नसती.

यशोधरापुढं आज खोटं बोलायचा धीर झाला नाही. सगळे आकडे सांगून टाकले आणि तोंड पाडून बसलो. वाटलं, आता होतंय आपलं. तर ही शांत. म्हणाली, ब्रेकव्हॅन चौदा हजारांचा ते मला आधीच ठाऊक आहे, याह्याभाईंनी सांगितलं. घ्यायचे तर घ्या, पेन्शन तुमची आहे. पण डिसेंबरात गाडी चालवून टाका. उगीच लांबवू नका.

डिसेंबरातच का, म्हणून विचारलं. कणीक मळायला उठून गेली. माझ्या बायकोला माझ्या गाडीची घाई! मला तर कौतुकच वाटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

दादरला जाऊन आलो. गर्दीत तीन तास उभा होतो, पण मन शांत झालं. घरी येईपर्यंत पुन्हा होतं तसं.

८ डिसेंबर, रविवार

सत्यानाश.

आज पहिली पूर्ण गाडी लावली. पुढं माझं इंजिन, मग माझे पाच डबे, मग ब्रेकव्हॅन, मागं बँकर. प्लास्टिकचा एकही नाही. भाभी बघायला वर आल्या होत्या. पळसधरीहून गाडी निघाली ती अशी की माझ्या अंगावर काटा आला. ठाकूरवाडीपर्यंत एक चाक हललं नाही. महागाचं वजनच वेगळं, मी याह्याला म्हणालोसुद्धा.

मंकी हिलच्या वळणावर ऊन नेमकं डब्यांवर पडलं. ते मोबाईलवर घ्यावं म्हणून मी एक क्षणभर, एकच क्षणभर कंट्रोलर बंद केला. आणि ह्यानं मागून रेटलं! मधले डबे उचलले गेले, दोन आडवे झाले, आणि ब्रेकव्हॅन कठड्यावरून सरळ खाली फरशीवर. पायऱ्या वाकल्या, एक दांडी तुटली.

मी काय बोललो ते लिहायला नको वाटतं. तो एवढंच म्हणाला, "शिट्टी कुठं दिलीस? पुढचा थांबताना मागच्याला शिट्टी देतो. मला कसं कळणार तू थांबलास?"

टेबलावरच्या गाडीला शिट्टी! मी म्हणालो, डोळे होते ना तुला? तो म्हणाला, मला पुढचं दिसतच नाही, मधे तुझा डोंगर आहे. आणि मग मी म्हणालो, "जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या मागून ढकलल्यास. स्वतःचं काही जपलं असतंस तर किंमत कळली असती."

भाभी खाली निघून गेल्या. याह्यानं डबे एकेक करून उचलले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. मलाच काहीतरी बोलायला हवं होतं का? पण तुटलं माझं होतं.

९ डिसेंबर, सोमवार

फोन नाही. मीही केला नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

स्टेशनात चार फेऱ्या झाल्या. यशोधरा म्हणते पायाला भिंगरी लागलीय. दांडी चिकटवायला बसलो, तर गोंद बोटांनाच चिकटला. डबे मात्र धड आहेत. अजून बोटानं ढकललं तरी टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. प्लास्टिकचा असता तर भुगा झाला असता. हे याह्याला दाखवायला हवं. म्हणजे, दाखवायचं नाहीये, पण दाखवायला हवं.

यशोधरा रोज विचारते, गेला होता का तिकडं? मी म्हणतो त्यानं यावं. ती माझ्याकडं अशी बघते जसं मी वर्गात नापास झालोय.

१९ डिसेंबर, गुरुवार

काही नाही. खंडाळ्यापर्यंत चालत गेलो. खाली घाटात बँकर लागलेली गाडी चढत होती. मागच्या इंजिनात कोण होतं दिसलं नाही. दिसलं असतं तरी ओळखीचं कोण असणार आता.

२२ डिसेंबर, रविवार

बाजारात भाभी भेटल्या. मी नजर चुकवायच्या बेतात होतो, त्यांनीच हाक मारली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, भाऊ, आमचं लोखंडी कपाट तुम्ही ठेवून घ्याल का? चांगलं आहे, पण नांदेडला एवढं सगळं कुठं न्यायचं?

मी विचारलं, नांदेडला कशाला?

भाभींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. माहनूर तिथं बँकेत आहे, तिला बाळ होणार आहे, जावई परदेशात. भाभींना जिना चढवत नाही. घर दिलंय. मापं घेऊन गेले ते घर घेणारे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघणार. घर दिलं, म्हणजे माडी दिली, माडीवरचा घाट दिला, आणि मी आपला रिव्हेट मोजत बसलोय.

पडदेवाले म्हणे.

घरी आलो आणि यशोधरावर ओरडलो. तिला दिवाळीपासून माहीत होतं. ती म्हणाली, याह्याभाईंनी शब्द घेतला होता. म्हणाले होते, "त्याला आत्ता सांगितलं तर तो एक डबा आणणार नाही, एक बोल्ट बसवणार नाही, नुसता स्टेशनात फिरत बसेल. गाडी एकदा वर चढू दे, मग मीच सांगतो."

जेवलो नाही. राग कुणाचा आलाय ते ठरेना. त्याचा आला, हिचा आला, त्या बिचाऱ्या नवराबायकोचासुद्धा आला. मग अचानक रडू आलं आणि यशोधरा जवळ येऊन बसली. इतकी वर्षं झाली, मला वाटायचं मित्र आहे, असेलच, जातोय कुठं. याह्या लोणावळ्यात नाही हे मला कल्पनेतसुद्धा जमत नाहीये.

२४ डिसेंबर, मंगळवार

गेलो. डबे पिशवीत घेतले, नीट काही ठरवलं नव्हतं.

माडीवर खोकी भरलेली. घाट मात्र होता तसा जोडलेला. याह्या खुर्चीत बसून मंकी हिलला रंग देत होता. घर रिकामं होतंय आणि हा डोंगराला हिरवा रंग देतोय. माझ्याकडं बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हणालो, "मला शिकवतोस, शिट्टी दिली नाही म्हणून. तू तरी कुठं दिलीस? एवढं मोठं थांबतोयस, मला कसं कळणार?"

तो चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "तुला तोंडानं सांगायची सवयच नाही रे मला."

बस. एवढंच झालं. दोघांनी नाकं शिंकरली. भाभींनी खालून विचारलं चहा टाकू का, मी म्हणालो टाका, दोन कप टाका.

मग गाडी लावली. ह्या वेळी माझे पाच, त्याचे नट भरलेले प्लास्टिकचे चार, शेवटी ब्रेकव्हॅन, एक दांडी नसलेला. त्याचे डबे मीच आणून जोडले. निघताना मी तोंडानं शिट्टी वाजवली. माझी मलाच लाज वाटली, पण त्यानं मागून लगेच उत्तर दिलं, अगदी गंभीर तोंडानं. पळसधरी, ठाकूरवाडी. मंकी हिलला मी थांबलो, शिट्टी दिली, तो थांबला. पुन्हा शिट्टी, पुन्हा निघालो. खंडाळा ओलांडून गाडी लोणावळ्यात आली आणि एकही चाक उतरलेलं नव्हतं. भाभींनी जिन्यावरून टाळ्या वाजवल्या.

त्याला विचारलं, आता सांग, डबे महाग आहेत का? तो म्हणाला, महागच आहेत. पण घेतलेस ते बरं केलंस.

२ जानेवारी, गुरुवार

काल भीमा कोरेगावहून आलो तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आज सकाळी सगळे डबे घेऊन याह्याकडं गेलो. ब्रेकव्हॅनची दांडी बसवली होती, फडक्यानं चमकवला होता. म्हणालो, सगळे तुझे. नांदेडला तुला करमणूक होईल. मनापासून म्हणालो. माझा जीव त्या डब्यांत आहे हे त्याला ठाऊक आहे.

नको म्हणाला! घाटाचे चारी तुकडे सुटे करून टेंपोत चढवलेले. बोल्ट डबीत मोजून भरलेले. माझं इंजिन मागून घेतलं, दोन्ही इंजिनं नेतोय, दोन्ही कंट्रोलर नेतोय. प्लास्टिकचे डबे समोरच्या घरातल्या मुलांना देऊन टाकले. आणि माझे डबे नको. पिशवी माझ्या हातात परत ठेवली. वर म्हणतो, तुझ्या वस्तू तुझ्याजवळ राहू देत, आणि हसतो.

मला लागलं ते. एवढं मनापासून द्यावं आणि माणसानं हसावं. त्या दिवशी किमतीवरून बोललो ते त्यानं मनात धरलंय, दुसरं काय.

४ जानेवारी, शनिवार

गेले. स्टेशनात पोचवायला गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत भाभीच बोलत होत्या, माहनूरचा फोन चालू होता. याह्यानं खिडकीतून माझा हात धरला आणि सुटताना सोडला. मी तिथंच बाकड्यावर बसलो. स्टॉलवाल्यानं न मागता चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

कपाट आमच्या बाहेरच्या खोलीत आलंय. दार उघडताना करकरतं.

९ जानेवारी, गुरुवार

डबे पेटीत आहेत. बाहेर काढून कशावर ठेवू? रूळ नाही, इंजिन नाही. यशोधराला म्हणालो, काय मूर्ख माणूस आहे बघ. अख्खा डोंगर नेला, दोन इंजिनं नेली आणि ओढायला एक डबा नाही. ह्याला काय अर्थ आहे? बरं, त्याला नको होते तर नको, विकून टाकतो. पुण्याचा दुकानदार निम्म्या किमतीत घेईन म्हणाला होता.

ती पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्ही खरंच गार्ड होता ना हो? मी म्हणालो म्हणजे काय? तर काही नाही म्हणाली. ह्या बाईचं बोलणं कधीकधी कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी याह्याचा फोन. नमस्कार नाही, खुशाली नाही. मागं भाभींचा आणि माहनूरचा आवाज. म्हणाला, "घाट जोडून झाला. बँकर लागून उभा आहे. लोड कधी सोडतोस?"

लोड म्हणजे डबे, माझे डबे. त्यानं आपलं पुढं चालूच ठेवलं. तिकडं थंडी जास्त आहे, स्वेटर आण. ब्रेकव्हॅन हातात धरून आण, पिशवीत नको. आणि बाळ झालं की परत एकदा यावं लागेल. डबे ठेवून जायचं नाही, येताना आणायचे आणि जाताना न्यायचे.

मी म्हणालो, बघतो, घरी विचारतो. यशोधरानं मोबाईल माझ्यापुढं धरला. तिकीट तिनं परवाच काढून ठेवलं होतं, शुक्रवारचं, खालचा बर्थ.